उन्हाळी बार्बेक्यू: तिकीट पाच डॉलरच ठेवूया

प्रेषक: खजिनदार
विषय: जुलैची सहल, जेवणाचा खर्च

नमस्कार मंडळी,

आपल्या न्यू जर्सीतल्या मंडळाच्या 25 जुलै 2026 च्या सहलीसाठी काउंटी पार्कातली जागा मिळाली आहे आणि परमिटचे पैसे मंडळाने भरले आहेत. आतापर्यंत 84 नावं आली: 31 शाकाहारी, 38 मांसाहारी आणि 15 मुलं. जेवणासाठी मंडळाच्या खात्यातून 150 डॉलरच्या वर काढता येणार नाहीत, कारण गणपतीच्या हॉलची अनामत भरायची आहे. बाहेरून ट्रे मागवायचे तर गेल्या वर्षीसारखं माणशी 15 डॉलर तिकीट लावावं लागेल. कोणाची हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा.

आपला,
खजिनदार

*

विषय: उत्तर: जुलैची सहल, जेवणाचा खर्च

नमस्कार,

माझी हरकत आहे, आणि नुसती हरकत घेऊन थांबत नाही, हिशोबही देतो.

गेल्या वर्षी पावणेदोनला पनीर संपलं आणि दोन वाजता चिकन संपलं. रटगर्स विद्यापीठाची मुलं न्यू ब्रन्सविकहून ट्रेनने आली, त्यांना यायला उशीर झाला. पंधरा डॉलर मोजून ती वेफर्स खाऊन परत गेली. मी तेव्हा शेगडीपाशीच उभा होतो, माझ्या हातात रिकामा ट्रे होता. ते मला अजून लागून राहिलंय. शिवाय मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा ‘दोघांचे तीस डॉलर कशाला’ म्हणून घरीच बसतात, हेही आपण सगळ्यांनी पाहिलंय. ही सहल त्यांच्यासाठी नाही तर कोणासाठी?

माझं म्हणणं एवढंच की एवढं तिकीट लावू नका, मेनू बदला. पैसे खातात त्या चार गोष्टी म्हणजे बोनलेस मांस, पनीर, बाटलीबंद पाणी आणि तयार ट्रे. त्यातलं पनीर थोडं ठेवू, बाकी तिन्ही काढू.

चिकनच्या लेग क्वार्टरची दहा पौंडांची पिशवी मी गेल्या शनिवारी साडेआठ डॉलरला पाहिली. एका पिशवीत साधारण अकरा तुकडे निघतात. प्रत्येकाचे दोन भाग केले की एक तंगडी आणि एक मांडी, म्हणजे पिशवीमागे बावीस. मांसाहारी मोठ्यांना दोन, मुलांना एक धरलं तर 91 लागतात. पाच पिशव्यांत 110 होतात, उशिरा येणाऱ्यांचे त्यातच आले. एकूण साडेबेचाळीस डॉलर. कापायला अवघड नाही. तुकडा कातडीची बाजू खाली करून ठेवायचा. मांडी आणि तंगडीच्या मध्ये चरबीची एक पांढरट रेघ दिसते, बरोबर तिथे सुरी टेकवून दाबायची. सांध्यातून सुरी अलगद जाते, हाड लागत नाही. हाड लागलं तर सुरी थोडी सरकवा, जोर लावू नका.

मसाला आपलाच: दही, आलं-लसूण, हळद, कांदा-लसूण मसाला, लिंबू, थोडं तेल. मीठ पौंडाला एक सपाट छोटा चमचा. साखर किंवा मध अजिबात नको, ते मांस शिजायच्या आधी करपतं. शुक्रवारी रात्री पाच घरांत एकेक पिशवी मुरवत ठेवू, म्हणजे कोणाच्याच फ्रिजवर ताण नाही.

शाकाहारी मंडळींसाठी मला मनापासून वांग्याचं भरीत हवंय. कोळशावर भाजलेल्या वांग्याची चव घरच्या गॅसवर येत नाही आणि इथे आपल्याकडे कोळसा पेटलेलाच असणार. मोठी बारा वांगी पुरतील. दोन-तीन ठिकाणी टोचून थेट निखाऱ्यावर ठेवायची, नाहीतर फुटतात. साल काळी पडली म्हणून घाईने काढू नका, देठाजवळचा भाग चिमट्याने दाबून बघा. तो मऊ लागला की वांगं झालं. सोलून त्यात कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि कच्चं तेल, एवढंच. बरोबर पाव. उकडलेले छोटे बटाटे आणि थोडं पनीर सळईवर.

आणि मक्याची कणसं. जुलैच्या मध्यापर्यंत जर्सीचा मका शेतावरच्या स्टॉलवर आलेला असतो. पाच डझन घेऊन प्रत्येकाचे दोन तुकडे केले की 120 होतात. हा मका आपल्याकडच्या पांढऱ्या कणसासारखा टणक नसतो, गोड आणि रसाळ असतो, त्यामुळे उघड्या निखाऱ्यावर पटकन काळा पडतो. अख्खी कणसं अर्धा तास पाण्यात भिजवून सालासकट पंधरा मिनिटं भाजू, मग साल काढून दोन मिनिटं आचेवर फिरवू आणि मगच तोडू. वरून लिंबाच्या फोडीने मीठ-तिखट.

पाण्यासाठी दोन घरांतले पाच-पाच गॅलनचे नळवाले कूलर आहेत. एकात पाणी, दुसऱ्यात ताक. कोकम आगळाची बाटली मी ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून आणतो. दुधाचे रिकामे कॅन धुऊन बुधवारपासून पाणी भरून फ्रीझरमध्ये ठेवले तर बर्फही फारसा विकत घ्यावा लागणार नाही. थर्माकोलच्या प्लेट न्यू जर्सीत मे 2022 पासून बंद आहेत आणि कागदाच्या जाड प्लेट महाग पडतात. प्रत्येकाने घरून आपलं ताट-वाटी आणि भांडं आणावं. आपल्या आयांनी सहलीला दुसरं काय नेलं होतं?

कोळसा, पाव, दही, काकडी, फॉइल सगळं धरून मी 350 डॉलरच्या आत बसवलंय. मोठी माणसं 69, तिकीट पाच डॉलर, म्हणजे 345. मुलं फुकट. मंडळाचे दीडशे शाबूत राहतात, ते विद्यार्थ्यांच्या आणि भारतातून आलेल्या आई-बाबांच्या तिकिटांसाठी वापरावेत अशी माझी विनंती आहे.

शेगड्यांपाशी असेन,
तुमचा सहलप्रमुख

*

विषय: उत्तर: जुलैची सहल, जेवणाचा खर्च

नमस्कार,

हिशोब छान, मनापासून पाठिंबा. पण तारीख बघा हो! 25 जुलैला आषाढी एकादशी आहे. आमच्या घरात त्या दिवशी साबुदाणा आणि वरी, आणि तिकडे पार्कात कोंबडी भाजायची? निम्मी मंडळी येणार नाहीत. 18 तारीख मिळते का ते पाहा. रविवार 19 सुचवू नका, त्या दिवशी मेटलाइफ स्टेडियमला फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत आहे, टर्नपाइकवर (टोलच्या महामार्गावर) काय गर्दी होईल ती बघायलाच नको.

दुसरं, आम्ही शाकाहारी आहोत, पण आम्हाला शेजारी कोंबडी भाजण्याचा त्रास नाही. फक्त शेगडी, चिमटा आणि वाढायचा डाव वेगळा हवा. गेल्या वर्षी एकाच चिमट्याने पनीर उलटलं होतं. मी बघितलं आणि मुकाट्याने कणीस खाल्लं. या वर्षी तसं व्हायला नको.

आणि एक विचारते: चिकन शुक्रवारी रात्री ओव्हनमध्ये अर्धवट शिजवून ठेवलं तर शनिवारी वेळ वाचेल ना?

काकू (पिस्काटवे)

*

विषय: उत्तर: जुलैची सहल, जेवणाचा खर्च

काकू, तुमचं अगदी खरं आहे. एकादशी माझ्या ध्यानात यायला हवी होती. चिमट्याचंही मनावर घेतो. मंडळाच्या सामानातली जुनी केटल (गोल, झाकणाची) शेगडी फक्त शाकाहारी ठेवू, तिची जाळी मी घासून आणतो. तिचे चिमटे आणि डाव हिरवी फीत बांधलेले असतील, आणि त्या शेगडीपाशी तुम्हीच उभ्या राहाल का?

अर्धवट शिजवायचं मात्र मुळीच नको. अमेरिकेच्या कृषी खात्याची याबाबत स्पष्ट सूचना आहे: अर्धं शिजवून फ्रिजमध्ये ठेवलं तर आतले जंतू मरत नाहीत, उलट वाढायला वेळ मिळतो. एकतर पूर्ण शिजवा, नाहीतर कच्चंच शेगडीवर आणा. आपण कच्चं आणू, बर्फाच्या वेगळ्या कूलरमध्ये, आणि तो कूलर मुलांच्या पाण्यापासून लांब. आत 165 फॅरेनहाइट झालंच पाहिजे. तंगडीला मी 175 पर्यंत नेतो, हाडाजवळचं मांस तेव्हा सुटतं. थर्मामीटर माझ्याकडे आहे.

वेळ वाचवायचा उपाय वेगळा आहे, आणि गेल्या वर्षी चुकलं ते इथेच. बारा वाजता आपण कोळसा पेटवत होतो. 22 इंची केटलमध्ये निखारे एका बाजूला ओढून दुसऱ्या बाजूला तुकडे ठेवले तर एका वेळी वीसच मावतात आणि त्यांना चाळीस मिनिटं लागतात. दोन शेगड्या, तीन फेऱ्या, म्हणजे दोन तास. घाई करून निखाऱ्यावरच ठेवले तर बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे. म्हणून दहाला चिमणी (कोळसा पेटवायचा पत्र्याचा उभा डबा) पेटवायची. पेटवायचं तेल नको, त्याचा वास मांसाला लागतो. खाली वर्तमानपत्राचे दोन बोळे पुरतात. वीसेक मिनिटांत वरच्या कोळशावर राखाडी थर आला की ओतायचे. साडेदहाला पहिली फेरी, साडेबाराला शेवटची उतरते. झालेलं चिकन फॉइलच्या ट्रेमध्ये झाकून, रिकाम्या स्वच्छ कूलरमध्ये जुन्या टॉवेलांनी गुंडाळून ठेवलं की तासभर चांगलं कडकडीत राहतं. मुलांना त्यातलंच पावणेबाराला वाढू.

पारा 90 फॅरेनहाइटच्या वर गेला तर वाढलेलं अन्न तासाभराहून जास्त उघड्यावर ठेवायचं नाही, एरवी दोन तास. दह्याची कोशिंबीर तर बर्फावरच.

मला साडेनऊला चार हात हवे आहेत.

तुमचा सहलप्रमुख

*

विषय: उत्तर: जुलैची सहल, जेवणाचा खर्च

काका, काकू, नमस्कार.

आम्ही रटगर्सचे सात जण आहोत. गेल्या वर्षी उशिरा आलो ते आम्हीच. तुम्ही लक्षात ठेवलंत ते वाचून बरं वाटलं. या वेळी आम्ही साडेनऊला येतो, कोळसा आणि कांदा कापणं आमच्याकडे. एडिसन स्टेशनवरून कोणी गाडीने घेतलं तर फार मदत होईल. आमच्यातला एक जण जळगावचा आहे. तो म्हणतो भरीत तोच करणार, आणि त्यासाठी कांद्याची पात आणायला सांगितली आहे.

*

विषय: उत्तर: जुलैची सहल, जेवणाचा खर्च

मंडळी,

परमिट 18 जुलैवर बदलून घेतलं, जादा पैसे लागले नाहीत. तिकीट पाच डॉलर. विद्यार्थी आणि भारतातून आलेले आई-बाबा यांचं तिकीट मंडळ भरेल. ज्यांनी आधी पंधरा भरले त्यांना दहा परत मिळतील.

चिकन मुरवायला दोन घरांनी होकार दिला आहे, अजून तीन हवीत. एडिसन स्टेशनवर सव्वानऊला मी गाडी घेऊन येतो, सात जण बसतील. कांद्याच्या पातीच्या चार जुड्याही आणतो.

ताट-वाटीवर आपलं आडनाव चिकटवून आणा.

खजिनदार