अण्णांचा हात थरथरतो, डबल क्लिक जमत नाही, माऊसची सेटिंग कशी करू?

सिडकोकर:
अण्णा ७४ वर्षांचे, पिंपळगावला द्राक्षबाग आहे आणि औषधं, मजुरी, क्रेट सगळा हिशोब स्वतः एक्सेलमध्ये टाकतात. वर्षभरापासून उजवा हात थरथरतो. दोन क्लिकमध्ये इतका वेळ जातो की फाइल उघडायच्या ऐवजी तिचं नाव निळं होऊन बदलायला येतं, आणि परवा तर छाटणीच्या खर्चाची फाइल ओढली जाऊन दुसऱ्याच फोल्डरात गेली, तासभर शोधत बसलो. बाणही दिसत नाही म्हणतात. विंडोज ११ आहे. हिशोब मी टाकून देतो म्हटलं तर नको म्हणतात, आणि खरं सांगायचं तर त्यांनी हे सोडावं असं मलाही वाटत नाही.

पंचवटीची ताई:
दादा, आधी डॉक्टरांना दाखवलंय ना? सेटिंग्जमध्ये माऊसच्या पानावर खाली ॲडिशनल माऊस सेटिंग्ज आहे, तिथे पहिल्याच टॅबमध्ये डबल क्लिक स्पीडची पट्टी स्लो कडे न्या. शेजारी पिवळं फोल्डर असतं ते अण्णांनाच उघडायला लावा, तुम्ही उघडून बघू नका, त्यांच्या हाताने उघडेल तिथेच पट्टी थांबवायची. पॉइंटर स्पीड पण कमी करा. आणि ॲक्सेसिबिलिटीत बाणाचा साइज १ ते १५ पर्यंत जातो, रंगही बदलता येतो, एक्सेल पांढरं म्हणून लाल घ्या.

नाशिकरोडचा भाऊ:
डबल क्लिक सोडूनच द्या ना, एक क्लिक करून एंटर दाबायचं, फाइल उघडते. फाइल ओढली गेली तर लगेच कंट्रोल झेड, जागेवर येते, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्क्रीनला चिकटवा.
माझ्या आईला अर्धांगवायूनंतर माऊस धरताच येत नव्हता, तिला माऊस कीज लावून दिलं. डावीकडचे आल्ट, शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबायचे, मग उजवीकडच्या आकड्यांनी बाण फिरतो, ५ म्हणजे क्लिक, अधिकचं चिन्ह म्हणजे डबल क्लिक. बाण हळू सरकतो पण हात हलला तरी तो जागचा हलत नाही, ते फार महत्त्वाचं. आकड्यांचा वेगळा भाग असलेला कीबोर्ड मात्र हवा.

सिडकोकर:
ताई, दाखवलंय, गोळ्या चालू आहेत. पट्टी अगदी स्लोच्या टोकाला नेली तेव्हा कुठे तिसऱ्या प्रयत्नाला पिवळं फोल्डर उघडलं, अण्णांनी मग ते चारपाच वेळा उघडबंद केलं. बाण लाल, साइज ६. कंट्रोल दाबला की बाणाभोवती गोल येतो तेही चालू केलं. भाऊ, एंटरचं सगळ्यात आवडलं त्यांना, काल रात्री मजुरीचा हिशोब त्यांनीच टाकला, माऊस कीज रविवारी शिकवतो.