मदत हवी आहे: काँकर्ड गावाची जमीन नक्की 'विकली' म्हणायची का?

नमस्कार मंडळी, आम्ही बॉस्टनजवळ राहतो, आणि मुलीला मराठी शाळेत आपल्या भागाच्या इतिहासावर पाच मिनिटं बोलायचंय म्हणून तिने काँकर्ड घेतलंय. १६३५ मध्ये प्युरिटन लोकांनी (इंग्लंडहून आलेला एक ख्रिस्ती पंथ) ते वसवलं, त्याआधी तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांचं मस्केटाक्विड होतं, म्हणजे गवताळ काठांची नदी, किती सुंदर नाव आहे ना! त्या लोकांकडून प्युरिटनांनी घेतली सहा मैल बाय सहा मैल जमीन, आणि बदल्यात दिले वॅम्पम म्हणजे शिंपल्यांचे मणी, कुऱ्हाडी, कुदळी, सुऱ्या, कापड. इंग्रज याला खरेदी म्हणतात, पण १६१६ ते १६१९ च्या साथीत किनाऱ्यावरची गावंच्या गावं ओस पडली होती, मग उरलेल्या लोकांची बाजू किती कमजोर असेल, आणि त्यांच्याकडे जमीन म्हणजे शिकारीचा, मासेमारीचा, पेरणीचा हक्क, कायमची मालकी नव्हे. मला तर 'विकली' लिहवतच नाही.

तर प्रश्न असा की मराठीत काय म्हणू? 'वापरायला दिली'? 'करार केला'? आणि लोकांना 'आदिवासी' म्हणू की 'मूळनिवासी'? का सरळ मॅसॅच्युसेट, निपमक अशी त्यांच्या जमातींची नावंच घेऊ? दहा वर्षांच्या मुलांना कळेल असं सांगा प्लीज, रविवारी बोलायचंय तिला.