ओबीडीवरचं अ‍ॅव्हरेज आणि पंपावरचं अ‍ॅव्हरेज जुळेना – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

१.२ लिटरची बीएस-६ पेट्रोल गाडी. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती देणारं सॉकेट) ईएलएम३२७ ब्लूटूथ डोंगल (ती माहिती मोबाइलला पाठवणारा जोड) लावून मोबाइलच्या अ‍ॅपवर अ‍ॅव्हरेज बघतो. अ‍ॅप १९-२० म्हणतं. टाकी फुल करून, त्याच पंपावर ऑटो-कटपर्यंत पुन्हा भरून काढलं की १७ च्या वर जात नाही. वेग जीपीएसशी ताडून पाहिलाय, ठीक आहे. म्हणजे घोळ इंधनाच्या हिशेबात.

गाडीला एमएएफ (आत जाणारी हवा थेट मोजणारा) सेन्सर नाही, एमएपी (मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला दाब मोजणारा) आहे. इंधन किती वेगाने खर्च होतंय ते थेट सांगणारी पीआयडी ५ई (पीआयडी म्हणजे ओबीडीवर मागायच्या माहितीचा क्रमांक) ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) देत नाही. मग अ‍ॅप मॅनिफोल्डचा दाब, आरपीएम आणि हवेचं तापमान घेऊन आत किती हवा गेली याचा अंदाज बांधतं आणि त्याला १४.७ ने भागून पेट्रोल काढतं. त्यात व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी (सिलिंडरच्या क्षमतेच्या किती टक्के हवा खरंच आत जाते) सरसकट ८५ टक्के! आयडलला तेवढीच आणि हायवेला चौथ्या गिअरमध्येही तेवढीच? पटत नाही बुवा.

शिवाय पंपावर आता ई२०. १४.७ हे निव्वळ पेट्रोलसाठी हवा आणि इंधनाचं वजनी प्रमाण. २० टक्के इथेनॉलला ते साधारण १३.५ होतं. एवढ्याने आठेक टक्के फरक सुटतो, बाकीचा कुठे मुरतो?

फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करतो ती कमी-जास्त दुरुस्ती; पीआयडी ०६, ०७) हिशेबात घ्यायचं का? की सरळ आर्डुइनोने (छोटा प्रोग्रॅमेबल सर्किट बोर्ड) इंजेक्टरची पल्स, म्हणजे पेट्रोल फवारणारा इंजेक्टर दर वेळी किती वेळ उघडा राहतो ते मोजू?

प्रतिसाद:
ट्रिम गुणू नका. तुमचा हिशेब हवेवरून चाललाय, आणि क्लोज्ड लूपमध्ये (ऑक्सिजन सेन्सर बघून मिश्रण सतत दुरुस्त होत असताना) ईसीयू हवेच्या प्रमाणातच इंधन देतो. ट्रिम लावलंत तर तीच दुरुस्ती दोनदा होईल. आधी १३.५ टाका, मग फुल टाकीशी जुळेपर्यंत ८५ चा आकडा वाढवा. शहर आणि हायवेच्या टाक्या वेगळ्या धरा.

इंजेक्टरचा मार्ग जास्त खरा, पण उघडायला लागणारा जवळपास एक मिलिसेकंद प्रत्येक पल्समधून वजा करावा लागतो, आणि बॅटरीचा व्होल्टेज बदलला की तोही बदलतो. इंजेक्टर बंद होताना वायरवर ६०-७० व्होल्टचा झटका येतो, ऑप्टोकपलरशिवाय (सिग्नल प्रकाशातून पाठवून दोन सर्किट वेगळी ठेवणारा भाग) आर्डुइनो जोडलात तर गेलाच समजा. वॉरंटीत असाल तर वायरिंग सोलूच नका.

आणि कात्रजचा घाट गिअरमध्ये उतरताना इंजेक्टर बंद असतात, तरी अ‍ॅप पेट्रोल मोजत राहतं. पीआयडी ०३ ची (इंधन यंत्रणेची स्थिती) किंमत ४ आली आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसेल, तर तेवढा वेळ इंधन शून्य धरा.