घड्याळाशिवाय पळणारे सगळे नुसते भटकतात काय?

पायवाट :
"जीपीएस घड्याळाशिवाय केलेला सराव म्हणजे नुसती भटकंती" हे वाक्य काल एका लेखात वाचले आणि राहवले नाही. तिथल्या प्रतिसादात मावणार नाही, म्हणून वेगळा धागा काढत आहे. मी सोळा वर्षे पळतो आहे आणि त्यांपैकी नऊ वर्षे असे घड्याळ मनगटावर बांधूनच पळालो आहे, तेव्हा ही न वापरणाऱ्याची कुरकुर नव्हे. एमिल झाटोपेकने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या, तेव्हा जीपीएस ज्यांच्या जोरावर चालते त्या कृत्रिम उपग्रहांपैकी आकाशात एकही नव्हता. मे २००० पर्यंत तर नागरी वापराच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम शंभरेक मीटरची चूक घातलेली असे. त्याआधीचे सगळे धावक काय भटकत होते?

घड्याळाने अंतर मोजावे, त्याला माझी हरकत नाही. ते सल्ला देऊ लागले तिथे माझे बिनसले. पोटरी दुखते म्हणून मी विश्रांती घेत होतो, तर चौथ्या दिवशी मनगटावर 'तंदुरुस्ती घटत आहे' अशी सूचना आली. ती वाचून मी बूट चढवले, तिसऱ्या किलोमीटरला पोटरीत कळ आली आणि पुढचे सहा आठवडे लंगडत काढले.

सेकंदकाटा :
धागाकर्त्यांशी पूर्ण असहमत. झाटोपेक चारशे मीटरच्या असंख्य आवर्तनांसाठी प्रसिद्ध होता आणि ते चारशे मीटर आधीच कोणीतरी मोजून ठेवलेले होते. ज्याला ट्रॅक उपलब्ध नाही त्याच्यासाठी घड्याळ तेच काम करते. राहिली पोटरी. ती दुखत असताना बूट घड्याळाने चढवले नव्हते.

माझा अनुभव उलट आहे. मला वाटे की मी सावकाश पळतो. घड्याळ घेतल्यावर कळले की माझे 'सावकाश' आणि माझे 'जोरात' यांत किलोमीटरमागे जेमतेम वीस सेकंदांचा फरक आहे, म्हणूनच मी कायम थकलेला असतो. तीन वर्षांत हे ना माझ्या लक्षात आले, ना मला शिकवणाऱ्यांच्या.

चौथी_लेन :
दोघांचेही चालू द्या, पण ज्यांना घड्याळापेक्षा आयोजकांचा शब्द खरा वाटतो त्यांनी माझी कथा ऐकावी. गेल्या मॅरेथॉनमध्ये माझ्या घड्याळात ४२.२ किलोमीटर झाले तेव्हा वेळ होती ३ तास ५८ मिनिटे. अंतिम रेषा समोर दिसतसुद्धा नव्हती. ती ओलांडली तेव्हा घड्याळात ४२.८ किलोमीटर होते आणि चार तासांवर एक मिनिट उलटून गेले होते. वर्षभराचा सराव त्या सहाशे मीटरनी खाल्ला. याला मोजमाप म्हणायचे?

मोजपट्टी :
मार्ग मोजण्याच्या कामात मी अनेकदा सायकल चालवली आहे, म्हणून लिहितो. प्रमाणित मार्ग उपग्रहाने मोजत नाहीत. सायकलच्या पुढच्या चाकाला फेऱ्या मोजणारे यंत्र बसवतात, पोलादी टेपने मोजलेल्या पट्ट्यावर आधी त्याची पारख करतात आणि मग वळणांवर कडेपासून तीस सेंटिमीटर अंतर ठेवून, पळता येईल अशा सर्वांत जवळच्या वाटेने मोजत जातात. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्तच धरतात, म्हणजे मॅरेथॉनला बेचाळीस मीटर. तुमच्या सहाशे मीटरपैकी बेचाळीस आमचे. उरलेले तुमचे आणि तुमच्या घड्याळाचे. वळणे बाहेरून घेतली, गर्दीतून वाट काढताना डावीउजवीकडे गेलात, की प्रत्यक्ष अंतर वाढते. शिवाय वीस हजार किलोमीटरांवरून आलेला सिग्नल उंच इमारतींवर आपटून मनगटापर्यंत पोहोचला, की तुम्ही सरळ पळत असलात तरी नोंदलेली रेषा नागमोडी होते.

चौथी_लेन :
म्हणजे मी दारुड्यासारखा पळतो, असे आपले म्हणणे दिसते. माझ्या मित्राच्या घड्याळातही ४२.७ होते. तोही नागमोडी पळाला काय?

मोजपट्टी :
त्याच इमारतींमधून, त्याच गर्दीतून पळाला, म्हणून तसाच आकडा आला. दोन साक्षीदार एकाच खिडकीतून पाहत होते इतकेच. माझ्यावर विश्वास नसेल तर ट्रॅकच्या पहिल्या लेनमध्ये चारशे मीटरच्या पंचवीस फेऱ्या, म्हणजे दहा किलोमीटर, मारा आणि घड्याळ पाहा. आपल्या नावाला जागून चौथ्या लेनमध्ये मात्र मारू नका, तिथली एक फेरी सुमारे ४२२ मीटरची असते.

उतारवय :
अंतरावरून इतके हातघाईवर येण्यापेक्षा नाडीबद्दल कोणीतरी बोला. मी एकसष्ट वर्षांची आहे. घड्याळाने २२० मधून वय वजा करून माझी कमाल हृदयगती १५९ ठरवली आणि जरा चढ लागला की लाल रंग दाखवून मला घाबरवू लागले. दोन महिने मी भीतीने नुसती चालत होते. शेवटी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ट्रेडमिलवर चाचणी झाली, तेव्हा ती १७४ निघाली. ते सूत्र ढोबळ आहे आणि माणसामाणसांत दहाबारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, हे घड्याळाच्या पडद्यावर कुठेही लिहिलेले नव्हते. त्यातच पट्टा सैल असला की हिरव्या प्रकाशाने रक्तप्रवाह टिपणारा तो सेन्सर कधीकधी पावलांच्या ठेक्यालाच नाडी समजतो. छातीचा पट्टा घेतला आणि सेटिंगमध्ये १७४ लिहिले, तेव्हा दोन्ही कटकटी मिटल्या. त्यामुळे घड्याळ फेकून द्या असे मी म्हणणार नाही.

पायवाट :
उतारवय यांनी माझाच मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडला, फक्त निष्कर्ष उलटा काढला.

सेकंदकाटा :
सल्ल्याच्या सूचना मीही पहिल्याच आठवड्यात बंद केल्या होत्या. मात्र ही कबुली म्हणजे आपल्या धाग्याचा विजय, असे कृपया कोणी समजू नये. अंतर आणि पेस (किलोमीटरमागे लागणारा वेळ) यांच्या बाबतीत मी तसूभरही मागे हटलेलो नाही.

चौथी_लेन :
आज सकाळी पहिल्या लेनमध्ये पंचवीस फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीला बोट मुडपून मोजले आणि बोटे संपली की कुंपणाच्या खांबावर खडूने रेघ ओढली. घड्याळात १०.१९ किलोमीटर दिसले. ठीक आहे, मोजपट्टीसाहेब, सायकल तुमची खरी. परंतु पाण्याची टेबले एकदा रस्त्याच्या या बाजूला आणि पुढच्या वेळी त्या बाजूला मांडून आम्हाला नागमोडी पळवणारे आयोजकच होते, त्यांचे मीटर कोणाच्या खात्यात धरायचे तेही एकदा सांगून टाका.