जुन्या गाडीत पावसाचे पाणी नेमके कुठून शिरते?

प्रश्न : आडवाटेचा प्रवासी

माझ्याकडे 2009 सालची एक पेट्रोल हॅचबॅक आहे. रत्नागिरीत घरापुढचे अंगण उतरते असल्यामुळे ती बकुळीच्या झाडाखाली, डाव्या अंगावर थोडी कललेली अशी उभी असते. इंजिन ठणठणीत आहे, त्यामुळे गाडी काढून टाकण्याचा विचार नाही. मात्र गेल्या पावसाळ्यापासून चालकाशेजारच्या आसनापुढे, पाय ठेवतो त्या जागी, मॅटखाली पाणी साचू लागले आहे. वरून कार्पेट नुसते दमट वाटते, पण तळहाताने दाबले की बोटांच्या फटींतून पाणी वर येते. काचा आतून धुरकट होतात आणि कुबट वास तर जाता जात नाही. रात्रभर संततधार लागली की सकाळी पाणी हमखास असते. भर पावसात गाडी चालवून आणली तर मात्र तितके येत नाही. गॅरेजमधले मिस्त्री म्हणतात की पुढच्या काचेची कड सिलिकॉनने भरून टाकू. तसे करावे, की आधी आणखी काही तपासावे? डिकीत स्टेपनीच्या खळग्यातही थोडे पाणी दिसले आहे. दोन्हींचे कारण एकच असू शकते का?

उत्तर : स्पॅनर

सिलिकॉनला तूर्त थांबवा. आधी हे पाणी पावसाचेच आहे याची खात्री करून घ्या, कारण त्याच जागी आणखी दोन प्रकारचे पाणी येऊ शकते. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत ब्लोअर आणि एसीचे कूलिंग कॉइल डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असते. कॉइलवर साचणारे पाणी बाहेर सोडणारी रबरी नळी चिखलाने किंवा किड्यांच्या घरट्याने तुंबली, की ते पाणी थेट पायाशी उतरते. पावसाळ्यात काचेवरचे बाष्प घालवायला आपण एसी लावतोच, त्यामुळे दोष पावसाच्या माथी जातो. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकत नसेल तर ही नळी आधी पाहा. दुसरे पाणी हीटरमधल्या कूलंटचे. ते बोटांना बुळबुळीत लागते, त्याला गोडसर वास असतो आणि कूलंटच्या टाकीतली पातळी उतरत जाते.

तुमच्या वर्णनावरून मात्र हे पावसाचेच पाणी वाटते, आणि माझा पहिला संशय वायपरखालच्या जाळीवर आहे. पुढच्या काचेवरून ओघळणारे पाणी त्या जाळीतून खालच्या पन्हळीत उतरते आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून फेंडरच्या आत, पुढच्या चाकामागे बाहेर पडते. ब्लोअर बाहेरची हवा घेतो तीही याच पन्हळीतून. तिथे पाणी आत येऊ नये म्हणून हवेच्या तोंडाला उंच काठ दिलेला असतो. बकुळीची फुले आणि पाने कुजून डावे भोक बुजले, की रात्रभरच्या पावसात पाण्याची पातळी त्या काठावर चढते आणि पाणी ब्लोअरमधून आत येते. गाडी डावीकडे कललेली असल्यामुळे सगळा भार त्याच भोकावर पडत असणार. गाडी धावत असताना वाऱ्यामुळे बरेचसे पाणी काचेवरून वर आणि बाजूला फेकले जाते, म्हणून तेव्हा ते कमी दिसते.

वायपरचे हात आणि जाळी काढा आणि गाळ हाताने उचलून बाहेर टाका. पाइपने धुऊन काढू नका, नाहीतर तोच गाळ भोकात घट्ट बसेल. मग डाव्या टोकाला एक तांब्या पाणी सावकाश ओतून ते चाकामागे जमिनीवर लगेच पडते का, हे पाहा.

उत्तर : काचकाम

मी काचा बसवण्याच्या व्यवसायात आहे, म्हणून सिलिकॉनबद्दल लिहितो. अँबेसिडर किंवा पद्मिनीसारख्या गाड्यांत काच रबराच्या चौकटीत बसवलेली असे. तिथे रबर आणि पत्रा यांच्यामध्ये सीलंट भरण्याला अर्थ होता. तुमच्या काळच्या गाडीची पुढची काच पॉलियुरेथेनने थेट पत्र्याला चिकटवलेली असते आणि बाहेरून दिसणारे बीडिंग बहुतांशी केवळ शोभेचे असते. त्याच्यावरून सिलिकॉन फिरवल्याने आतली फट बुजत नाही. उलट पाणी कडेला अडकून राहते आणि पत्रा गंजतो. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे साधे सिलिकॉन तर उघड्या पत्र्याला स्वतःच गंज आणते, आणि एकदा ते लागले की त्या जागेवर पुढे ना रंग धरतो ना योग्य सीलंट.

काच पूर्वी कधी बदलली असेल तर शंका घ्यायला जागा आहे. पाणी काचेतूनच येत असेल तर डॅशबोर्डच्या कडेला किंवा बाजूच्या खांबाच्या आवरणाआड ओल सापडेल. तशी ओल सापडली तर काच काढून पुन्हा चिकटवणे हाच उपाय आहे. हे चिकटद्रव्य हवेतल्या दमटपणानेच घट्ट होते, त्यामुळे पावसाळ्यात काम करायला हरकत नाही; मात्र पत्रा आणि काच पूर्ण कोरडी हवी आणि गाडी छपराखाली हवी.

उत्तर : घाटावरची

डिकीतल्या पाण्याचे कारण बहुधा वेगळे निघेल. हॅचबॅक असल्याने मागचे आसन दुमडून एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून साध्या पाइपने, जोर न लावता पाणी सोडावे. सुरुवात खालून करावी : आधी बंपरची वरची कड, मग मागचे दिवे, मग दाराचे रबर आणि शेवटी छत. वरून सुरुवात केली तर सगळेच भिजते आणि काहीच कळत नाही. आत संशयाच्या जागी खडूची पूड भुरभुरावी. पाण्याचा पहिला ओघळ तिच्यावर स्पष्ट उमटतो. प्रेशर वॉशर वापरू नये, कारण त्या जोराने धडधाकट रबराच्या आडूनही पाणी आत जाते.

जुन्या गाड्यांत मागच्या दिव्यामागचे फोमचे गॅस्केट दबून कडक झालेले असते. नवे घालताना नट बेताने आवळावेत. दिव्याचे प्लास्टिक तडकते. मागच्या वायपरला पाणी नेणारी नळीही पाहावी, ती दाराच्या बिजागरीपाशी वाकून वाकून चिरते.

मागे कधी डेंटिंगचे काम झाले आहे का? पत्र्याच्या जोडांवर कारखान्यात भरलेला सीलंट ठोकाठोकीत निघतो आणि पुन्हा लावायचे राहून जाते.

आडवाटेचा प्रवासी

सर्वांचे आभार. जाळी काढली तेव्हा डाव्या कोपऱ्यात काळ्या मातीसारखा झालेला बकुळीचा थर निघाला, त्याला मुळेही फुटली होती. आता ओतलेले पाणी चाकामागे लगेच पडते. तरीही पाइप सुरू ठेवला की ग्लोव्ह बॉक्सच्या मागून थेंब उतरतात. ते ब्लोअरमधून नव्हे, तर त्याच्या शेजारी पत्र्याच्या जोडावरून येताना दिसले. डिकीचा दोष डाव्या दिव्याच्या गॅस्केटचा निघाला. पुढच्या डाव्या फेंडरचे काम आधीच्या मालकाने करून घेतलेले आहे, हेही कळले.

उत्तर : स्पॅनर

मग पन्हळीच्या डाव्या टोकाच्या जोडावरचा सीलंट तडकला आहे किंवा फेंडरच्या कामात निघाला आहे, असे दिसते. तो आतून भरू नका, पाणी ज्या बाजूने येते त्याच बाजूने भरायचा. सुटलेला भाग खरवडून काढा, गंज घासून प्रायमर लावा आणि तो वाळल्यावर रंग धरणारा पॉलियुरेथेन सीम सीलंट बोटाने जोडात दाबून बसवा. हे करताना ब्लोअरच्या तोंडावर कापड ठेवा आणि पाणी वाहून जाण्याचे भोक सीलंटने बुजू देऊ नका.

कार्पेट मात्र नुसते उन्हात टाकून वाळणार नाही, कारण पाणी त्याच्याखालच्या जाड फोममध्ये असते. बॅटरीची ऋण तार सोडून, थोडे थांबून मगच आसन काढा. आसनाखाली वायरिंगचे जोड असतील तर ते ओढू नका. फोम बाहेर काढून वाळवा आणि उघड्या पत्र्यावर गंज आहे का ते पाहा. कोणी पाणी जायला तळाला ड्रिलने भोक पाडण्याचा सल्ला दिला तर ऐकू नका. तळात मुळातच रबरी बुचे असतात. त्यांतले एक काढून साचलेले पाणी सोडा आणि बूच परत घट्ट बसवा. नवा सीलंट सुकून पाइपची चाचणी कोरडी निघेपर्यंत कार्पेट परत घालू नये.