मदत हवी आहे: ड्रुइडांचं मूळ नेमकं कुठलं?

मंडळी,
प्राचीन गॉल (आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनमधल्या ड्रुइडांबद्दल, म्हणजे तिथल्या केल्टिक लोकांच्या पुरोहितवर्गाबद्दल, वाचतोय. जितकं वाचतो तितका गोंधळ वाढतोय.

रोमन सेनानी सीझर म्हणतो, ही विद्या मूळची ब्रिटनची, तिथून गॉलमध्ये आली. काही जण 20 वर्षं पाठांतर करायचे, शिकवण लिहून ठेवायची नाही, आत्मा एका देहातून दुसऱ्यात जातो. आपल्याला इथे वेदपाठशाळा आठवणारच. ग्रीकांना मात्र पायथागोरस आठवला. हिप्पोलिटस हा जुना ख्रिस्ती लेखक तर सांगतो की पायथागोरसच्या झाल्मोक्सिस नावाच्या थ्रेशियन गुलामाने ड्रुइडांना शिकवलं. मासालिया (आजचं मार्सेय) ही ग्रीक वसाहत इ.स.पू. 600 च्या सुमाराची, त्यामुळे ग्रीकांशी संपर्क होताच. पण तेवढ्यावरून उगम ग्रीक कसा ठरवायचा?

18व्या शतकात विल्यम स्ट्युकली या इंग्रज पुराणवस्तू-अभ्यासकाने ड्रुइडांचा संबंध फिनिशियनांशी (भूमध्य समुद्रावरचे प्राचीन व्यापारी) जोडला आणि स्टोनहेंज हे इंग्लंडमधलं शिळावर्तुळही ड्रुइडांच्याच नावावर केलं. सीझर जन्मला तेव्हा त्या शिळा दोन हजार वर्षांहून जुन्या होत्या, त्यामुळे हे मी सोडून दिलंय. ‘ड्रुइड म्हणजे भारतातून गेलेले ब्राह्मण’ हा व्हॉट्सअ‍ॅपी दावाही त्याच माळेतला.

अडलोय ते कोलिनीच्या पंचांगापाशी. 1897 साली फ्रान्समध्ये तुकड्यांत सापडलेला ब्राँझचा पत्रा. लिपी रोमन, भाषा गॉलिश. दर दिवसापाशी खुंटी खोवायला भोक. महिन्याचे दोन भाग, आणि पाच वर्षांत 62 महिने, म्हणजे दोन अधिक. वेदांग ज्योतिषातलं युगही पाच वर्षांचं, दोन अधिकमासांचं! हा इंडो-युरोपीय वारसा (संस्कृत आणि गॉलिश ज्या एका मूळ भाषेतून आल्या, ती बोलणाऱ्यांचा) समजायचा की योगायोग? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
मला योगायोग वाटतो. चांद्रमास साधारण 29.53 दिवसांचा, 62 महिन्यांचे झाले सुमारे 1831 दिवस. पाच सौर वर्षांचे 1826. चंद्रावर महिने मोजून ऋतूंशी मेळ घालू पाहणारा कोणीही इथवर येईल. ग्रीकांनी आठ वर्षांत तीन अधिक महिने घातलेच होते. शिवाय पत्रा रोमन अमलातला, आणि तो ड्रुइडांचा असल्याचं त्यावर कुठे लिहिलेलं नाही.

वारसाच शोधायचा तर जुना आयरिश कायदा बघा. बड्या ऋणकोकडून वसुली करायची तर धनकोने आधी त्याच्या दारात उपाशी बसायचं. आपलं धरणं दुसरं काय होतं?