शाळेत मदतनीस आहे, नोकरी सांभाळून शिक्षिका होता येईल का? (नागपूर)

मानेवाडा_०७
खासगी इंग्रजी शाळेत केजीच्या वर्गावर मदतनीस आहे, वेळ ७:३० ते १:३०. बारावी कला, ५४ टक्के. पहिली ते चौथीचा वर्ग स्वतःकडे यावा, एवढंच हवं आहे. एक क्लासवाले म्हणतात, मुक्त विद्यापीठातून बीए करा, मग बीएडही घरबसल्या होईल. हे खरं आहे का? आणि बीएला रोज किती वेळ लागतो?

जुना_डीएडवाला
ताई, बीए होईल. घरबसल्या बीएड मात्र तुम्हाला मिळणार नाही. एनसीटीई म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्रीय संस्था; तिच्या २०१४ च्या नियमांनुसार दूरस्थ बीएडला दोनच प्रकारचे उमेदवार चालतात: प्राथमिकवर काम करणारे प्रशिक्षित शिक्षक, किंवा नियमित वर्गांतून एखादा मान्यताप्राप्त अध्यापक अभ्यासक्रम पूर्ण केलेले. मदतनीस म्हणून दहा वर्षं काढली तरी ती यात धरत नाहीत.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी नुसतं बीएड चालत नाही. तिथे डीएलएड, म्हणजे प्राथमिक शिक्षकांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम (जुनं डीएड) लागतो, आणि तो बारावीवरच होतो. तुमचे ५४ टक्के त्याला पुरतात. म्हणजे पहिली ते चौथीसाठी बीएची अटच नाही. डीएलएडनंतर टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर १: १५० गुण, खुल्या गटाला पास व्हायला ९०. विनाअनुदानित खासगी शाळाही टीईटीतून सुटत नाहीत.

मानेवाडा_०७
मग डीएलएड नोकरी करता करता नाही का होणार? दुपारी २ नंतर मोकळीच असते.

जुना_डीएडवाला
नाही जी. वर्षाला किमान २०० दिवस, आठवड्याला ३६ तास. हजेरी ८० टक्के, शाळेतल्या छात्रसेवाकाळात (शाळेत जाऊन शिकवण्याच्या सरावात) ९० टक्के. नियमित बीएडलाही हजेरी हीच. ‘हजेरी आम्ही सांभाळतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, तपासणी झाली की प्रमाणपत्र जातं ते तुमचं. एनआयओएसचं (राष्ट्रीय मुक्त शाळा संस्थेचं) डीएलएड अजून मिळतं असंही कोणी सांगेल. ती सोय तेव्हा नोकरीत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांसाठी होती आणि त्यांची मुदत ३१ मार्च २०१९ ला संपली.

कुठल्याही वाटेनं गेलात तरी दोन वर्षं नियमित कॉलेज चुकत नाही. प्रश्न फक्त ती कधी द्यायची हा आहे. माझ्या मते आधी डीएलएड, मग वर्गशिक्षिकेची नोकरी, नोकरीत असताना दूरस्थ बीए. त्यानंतर वाटलंच तर दूरस्थ बीएड, कारण तोवर तुम्ही त्या पात्रतेत बसता. आधी बीए केलंत तर तीन वर्षं जातात आणि कॉलेजची दोन वर्षं तशीच उभी राहतात.

धरमपेठ_वाचक
वरचं पटतं, पण सगळ्यांनाच दोन वर्षं पगार सोडता येत नाही. आज सोडता येत नसेल तर बीए सुरू करणं वाया नाही. सहावी ते आठवीचे वर्ग हवे असतील तर पदवी आणि डीएलएड किंवा बीएड लागतं, त्यापुढच्या वर्गांना पदवी आणि बीएड.

मराठीतून शिकायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. हिंदी किंवा इंग्रजी चालत असेल तर इग्नू (केंद्राचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ), त्यांचं प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. वेळेचं म्हणाल तर इग्नूत १ श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे अभ्यासाचे ३० तास. सत्राला २० श्रेयांक धरले तर ६०० तास होतात, २६ आठवड्यांत वाटले की आठवड्याला २३. कागदावरचा आकडा आहे, पण रोज दोन तास आणि रविवार द्यावा लागतो हे खरं. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते, म्हणून सगळे पेपर एकदम अंगावर घेऊ नका. जूनची परीक्षा आपल्याकडे बरी पडते, विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. डिसेंबरची मात्र ऐन शाळेच्या दिवसांत, १० ते १ किंवा २ ते ५. सकाळचा पेपर आला की रजा.

लोक अडकतात ते असाइनमेंटमध्ये. निकालात तिचे ३० टक्के, लेखीचे ७०. हातानं लिहायची, प्रत्येक विषयाची वेगळी, पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक, विषयाचा कोड आणि केंद्राचा कोड. जुन्या सत्राची प्रश्नपत्रिका सोडवून दिली तर मेहनत फुकट. केंद्रावर दिल्याची पोच घ्या, आणि देण्याआधी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. वार्षिक शुल्क भरलं म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला असं नाही. तो वेगळा, प्रत्येक विषयाला वेगळे पैसे.

गोधनीकर
नावाकडे बघा. दूरस्थ प्रवेशाला आता एबीसी आयडी (श्रेयांक जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक) आणि त्यावरून डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा क्रमांक) लागतो. आधारवर सासरचं आडनाव आणि दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं असलं की गाडी तिथेच थांबते. राजपत्रात नावबदल आधी करून घ्या, प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात ते जमत नाही.

आणि शाळेकडून अनुभवाचा दाखला घेताना हुद्दा वाचा. आपल्याकडे ‘सहायक शिक्षक’ हे पूर्ण शिक्षकाच्या पदाचं नाव आहे. क्लार्क इंग्रजीतलं ‘असिस्टंट टीचर’ मराठीत करताना हमखास तेच टाकतो. पुढे कागद तपासताना तो खोटा दाखला ठरतो. ‘पूर्वप्राथमिक वर्गावर मदतनीस’, तारीख पासून तारीख पर्यंत, जावक क्रमांक, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का, एवढंच असू द्या.